‘का आलात’ नंतर, आधी ‘कसे आलात’: वर्गमित्राच्या स्थलांतराची मुलाखत

नववी-दहावीच्या प्रकल्पवहीत, अकरावी-बारावीच्या भूगोलात किंवा बी.ए.च्या समाजशास्त्रात हा विषय कधी ना कधी येतोच: वर्गातल्या कोणाची तरी मुलाखत घ्या, त्याच्या घराच्या स्थलांतराची गोष्ट लिहा, तिचं विश्लेषण करा. विषय फळ्यावर लिहिला की पोट्ट्यांचं पहिलं उत्तर ठरलेलं असतं. आमच्या वर्गात तसं कोणी नाही, सगळे इथलेच. मग दोघे-तिघे मोबाइलवरून सिरियातल्या निर्वासितांची माहिती उतरवून आणतात आणि मागचे बाकीचे त्यांच्यावरून. विदर्भातल्या खेड्यात बसून एवढ्या लांब जायची गरज नाही.

पहिल्यांदाच अशी मुलाखत घेणाऱ्यांना सुरुवातीलाच एक सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. ‘इकडे का आलात?’ या प्रश्नाला जवळजवळ प्रत्येक घरात एका शब्दाचं तयार उत्तर असतं: दंगल, दुष्काळ, धरण, नोकरी, लग्न, गरिबी. ते खोटं नसतं. पण त्यातून गाव का सोडलं एवढंच कळतं. जायला इतक्या दिशा असताना माणूस नेमका मुलचेऱ्याला, अर्जुनी मोरगावला किंवा दारव्ह्याला कसा पोचला, ते त्या शब्दात नसतं. ते कळतं वाट विचारल्यावर: कोणासोबत निघाले, कशात बसले, मध्ये कुठे थांबले, ओळख कोणाची होती, पैसे कोणाचे होते. घर सोडण्याचं कारण आणि पोचण्याची वाट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि प्रकल्पाचं खरं सामान वाटेत सापडतं.

कोणाला विचारायचं

आधी वर्गाकडे नीट पाहा. मुलचेरा-चामोर्शी भागात असाल तर बंगाली घरांतली मुलं तुमच्या बाकावर असतील. त्यांचे आजोबा-पणजोबा पूर्व पाकिस्तानातून आलेले. अर्जुनी मोरगाव तालुक्यात प्रतापगड-गोठणगावजवळ १९७२ पासून नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे. बल्लारपूर, राजुरा, वणीच्या कोळसापट्ट्यात खाणीच्या कामावर आलेल्या तेलुगू आणि हिंदी घरांची तिसरी पिढी शाळेत आहे. व्याघ्र प्रकल्पासाठी मेळघाटाच्या आतून बाहेर वसवलेल्या गावांतली कोरकू मुलं आहेत. पवनीकडे गोसीखुर्द धरणाच्या बुडीत क्षेत्रातून उठून नव्या गावठाणात गेलेली घरं आहेत. बाजारपेठेच्या गावात कापडाचं किंवा किराण्याचं दुकान चालवणारं मारवाडी कुटुंब असतंच.

आणि जानेवारी-फेब्रुवारीत वर्गातून गायब होणारी मुलं? मूल, सिंदेवाही, गडचिरोली या भागातून आईबापासोबत तेलंगणात मिरची तोडायला जाणारी? हजेरीपटावर ती ‘गैरहजर’ असतात. तुमच्या प्रकल्पासाठी मात्र त्यांच्याइतका ताजा जाणकार दुसरा नाही, कारण आजीची नव्हे, स्वतःची गोष्ट ती सांगू शकतात.

भाषेवरून मात्र कोणाला स्थलांतरित ठरवू नका. सिरोंच्याचा मित्र घरी तेलुगू बोलतो म्हणून तो बाहेरून आला असं होत नाही. गोदावरी-प्राणहितेच्या त्या काठावर तेलुगू पिढ्यानपिढ्या बोलली जाते. उलट शुद्ध वऱ्हाडी बोलणाऱ्याचे पणजोबा राजस्थानातून आलेले असू शकतात.

वर्गात खरंच कोणी सापडत नसेल तर मैत्रिणीच्या आईची मुलाखत घ्या. ती लग्न होऊन या गावात आली, हेही स्थलांतरच. जनगणनेत बायकांच्या स्थलांतराचं सर्वांत मोठं कारण विवाह हेच निघतं. घरोघरच्या आया हातात असताना ‘आमच्याकडे विषय नाही’ म्हणायला जागा उरत नाही.

आधी नकाशा आणि सनावळ्या

मुलाखतीच्या आधी एक संध्याकाळ यासाठी काढा. आपल्याकडे माणसं हलली त्यापेक्षा सीमा जास्त हलल्या आहेत, आणि हे माहीत नसेल तर विश्लेषणाचा पायाच चुकतो.

१ नोव्हेंबर १९५६ च्या आधी विदर्भ मध्य प्रदेशात होता आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. नंतर तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. म्हणजे १९५० साली यवतमाळच्या एखाद्या खेड्यात जन्मलेली आणि कधीही गाव न सोडलेली आजी ‘मी मध्य प्रदेशात जन्मली’ म्हणाली तर ती बरोबर आहे, आणि तरीही तिचं स्थलांतर झालेलं नाही. जिल्ह्यांचं तसंच. गडचिरोली २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपुरातून वेगळा निघाला, वाशीम १ जुलै १९९८ ला अकोल्यातून, गोंदिया १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून. ‘बाबा भंडारा जिल्ह्यातले, आम्ही गोंदिया जिल्ह्यातले’ हे वाक्य एकाच घरात बसून बोलता येतं.

बाहेरच्या गावांचीही तीच तऱ्हा. रायपूर १ नोव्हेंबर २००० पर्यंत मध्य प्रदेशात होतं. खम्मम, वारंगळ २ जून २०१४ पर्यंत आंध्र प्रदेशात होते, म्हणून मिरचीला जाणारी जुनी माणसं अजूनही ‘आंध्रात जातो’ म्हणतात. ज्याला आज बांगलादेश म्हणतो तो १९७१ पर्यंत पूर्व पाकिस्तान होता. वहीत गावाचं नाव दोनदा लिहायची सवय लावा: सांगणाऱ्याने सांगितलं तसं, आणि कंसात आजचा तालुका-जिल्हा-राज्य.

परवानगी, आणि कागदांपासून चार हात लांब

वर्गमित्राला सगळ्यांदेखत विचारू नका. मधल्या सुट्टीत, एकटं असताना विचारा, आणि नाही म्हणाला तर विषय तिथेच सोडा. हो म्हणाला तरी त्याच्या आईवडिलांना स्वतः जाऊन सांगा की हे कशासाठी आहे, कोण वाचणार, आवाज रेकॉर्ड करणार का, वर्गात वाचून दाखवणार का. अठरा वर्षांखालच्या मुलाने एकट्याने दिलेली परवानगी पुरत नाही.

कागद मागायचे नाहीत. आधार, रेशनकार्ड, निर्वासितांची जुनी स्लिप, तिबेटी घरातलं नोंदणी प्रमाणपत्र, काहीही नाही. त्यांनी आपणहून पेटी उघडून दाखवलं तर पाहा, फोटो काढू नका. याचं कारण नुसत्या सभ्यतेचं नाही. आपल्याकडे ‘कधी आलात’ हा प्रश्न बऱ्याच घरांत सरकारी प्रश्न असतो. महाराष्ट्रात जातीचं प्रमाणपत्र काढताना ठरावीक तारखेच्या आधीपासून कुटुंब राज्यात राहत असल्याचा पुरावा लागतो: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. नागरिकत्वाच्या कायद्यातही अशीच रेघ आहे: २६ जानेवारी १९५० नंतर आणि १ जुलै १९८७ च्या आधी भारतात जन्मलेला जन्मानेच नागरिक, त्यानंतर जन्मलेल्यासाठी आईवडिलांचं नागरिकत्व पाहिलं जातं.

म्हणून एखादे आजोबा सन सांगताना अडखळले, मुलाकडे पाहायला लागले किंवा ‘लई जुनी गोष्ट आहे’ म्हणून मोकळे झाले तर त्यांना विसरण्याचा आजार आहे असं समजू नका. त्या घराने सनाच्या पायी तहसीलच्या चकरा मारलेल्या असतील. तुमच्या प्रकल्पाला नेमकी तारीख लागतच नाही. ‘साठच्या दशकाच्या मध्यात’ एवढं पुष्कळ झालं.

वेळ

रोवणीत, धानकापणीत किंवा कापूस वेचणीच्या ऐन हंगामात कोणाच्या दारात वही घेऊन उभं राहू नका. मे महिन्यात तेंदूपत्त्याला जाणारी माणसं पहाटे निघतात, दुपारी परततात आणि मग पुडे बांधत बसतात. हात चालू, तोंड मोकळं, ही वेळ उत्तम. मिरचीची घरं दिवाळीनंतर, निघायच्या आधी गाठा. तिबेटी कुटुंबं थंडीचे महिने स्वेटर विकायला शहरोशहरी असतात. तिथली बैठक हिवाळा संपल्यावरच ठरवा.

प्रश्न

चाळीस प्रश्नांची छापील प्रश्नावली घेऊन जाऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. समोरचा माणूस तुमच्या कागदावरचे रकाने किती उरले ते पाहत राहतो आणि उत्तरं आखूड होत जातात. सात-आठ प्रश्न डोक्यात ठेवा, बाकीचे त्याच्या उत्तरातून काढा.

फरक कसा पडतो ते पाहा. मिरचीला जाणाऱ्या मैत्रिणीशी बोलणं असं सुरू झालं तर:

‘तुम्ही तेलंगणात का जाता?’
‘कामासाठी.’
‘इथे काम नाही का?’
‘नाही न.’

संपलं. आता तिथेच:

‘पहिल्यांदा गेली तेव्हा सोबत कोण होतं?’
‘माह्या मावशीची लेक. तिनं सांगतलं का ठेकेदार गाडी पाठवते, तांदूळ देते. मंग आई म्हणे, पोट्टीले घरी कोणापाशी ठेवू? म्हणून मलेबी नेलं.’

या एका उत्तरात नातेवाईक आहे, ठेकेदार आहे, गाडीचा खर्च कोणाचा ते आहे, आणि मुलीची शाळा बुडण्याचं खरं कारणही आहे: मागे तिला सांभाळायला कोणी नव्हतं. यातलं काहीही ‘कामासाठी’ या शब्दात नव्हतं.

वाट उघडणारे काही प्रश्न असे आहेत. निघायच्या आदल्या दिवशी घरात काय चाललं होतं? सोबत काय घेतलं, काय कोणाकडे ठेवलं? कोणी यायला नाही म्हटलं का? पहिली रात्र कुठे काढली? इथे ओळखीचं पहिलं माणूस कोण भेटलं? पहिला पैसा कोणत्या कामाचा मिळाला, की मजुरी रोख नव्हतीच, मालाच्या रूपात होती? भाषा कोणी शिकवली? मागे राहिलेल्यांशी संबंध कसा ठेवला? परत जायचा विचार कधी झाला?

‘इथे आवडतं का?’ विचारू नका. याला ‘हो’शिवाय दुसरं उत्तर पाहुण्यासमोर कोणी देत नाही. ‘खूप त्रास झाला असेल नाही?’ हेही नको, कारण ते प्रश्नाच्या वेशातलं तुमचंच मत आहे.

घरी गेल्यावर

मित्राला तुम्ही ‘अरे-तुरे’ करता, पण त्याच्या आजीला ‘तुम्ही’च. तिला घरात जे म्हणतात ते आधी मित्राला विचारून घ्या आणि तशीच हाक मारा. चहा येईल, तो नाकारू नका. चहा होईपर्यंत फोन खिशातच असू द्या.

रेकॉर्डिंग मोबाइलच्या साध्या रेकॉर्डरवर होतं. आदल्या रात्री चार्जिंग करून ठेवा, कारण खेड्यात लाइनचा भरवसा नाही. फोन विमानाच्या खुणेवर टाका, नाहीतर गोष्ट सीमेवर पोचते आणि तेवढ्यात कोणाचा तरी कॉल येतो. कूलर आणि टीव्ही बंद करायला लाजू नका. कोंबड्या बंद करता येत नाहीत, त्या राहू द्या. सुरुवातीला तारीख, गाव आणि ‘तुमच्या परवानगीने रेकॉर्ड करतोय’ हे वाक्य बोला, त्यांचा होकारही त्यात येऊ द्या.

एक अडचण हमखास येते. आजीला विचारलं की काका उत्तर देतात. पुरुषांची गोष्ट जमीन, पट्टा, साहेब, ठेकेदार अशी चालते. बायकांची गोष्ट पाणी, सरपण, बाळंतपण, शेजार अशी चालते. दोन्ही हव्यात. काकांचं सगळं ऐकून घ्या, वाद घालू नका, आणि पुन्हा एकदा अशा वेळी जा जेव्हा आजी सांदवाडीत, म्हणजे परसात, भाजी निवडत असेल. मुलींना हे सहज जमतं. मुलांनी बहिणीला सोबत न्यावं.

भाषा वेगळी असेल तर मित्र दुभाष्या होतो. तो आजीचं पाच मिनिटांचं बोलणं एका वाक्यात सांगेल. त्या वेळी थांबवू नका, मूळ आवाज रेकॉर्ड झालेला आहे. नंतर त्याच्यासोबत बसून ते पाच मिनिटं वाक्यावाक्याने सोडवून घ्या. जे त्याने गाळलं होतं, त्यात बऱ्याचदा त्याला स्वतःला नवीन असलेलं काहीतरी निघतं.

कोणी रडायला लागलं तर रेकॉर्डिंग बंद. ‘पुढे सांगा’ म्हणायचं नाही. दंगलीत किंवा वाटेत माणूस गमावलेल्या घरात मृत्यूचा तपशील विचारायचा तुम्हाला काही अधिकार नाही. त्यांनी सांगितला तर ऐका, आणि लिहायचा की नाही हे त्यांनाच विचारा.

उतरवून काढणं

त्याच दिवशी, निदान दुसऱ्या दिवशी, ऐकून लिहून काढा. अर्ध्या तासाचं बोलणं उतरवायला दोन-तीन तास जातात, ते धरूनच बसा. बोली बदलू नका. ‘मलेबी नेलं’ला ‘मलाही नेण्यात आले’ करायची हौस आवरा. तसं केलं की नेणारी आई वाक्यातून नाहीशी होते, आणि पुढे विश्लेषणात तुम्हाला तीच तर शोधायची असते.

विश्लेषण

इथे बहुतेक वह्या कोसळतात. मुलाखत सुंदर, आणि खाली तीन ओळी: ‘यावरून असे दिसून येते की स्थलांतर ही गंभीर समस्या आहे. शासनाने उपाययोजना करावी.’ हे वाक्य कोणत्याही मुलाखतीखाली चिकटतं, म्हणजेच ते तुमच्या मुलाखतीतून निघालेलं नाही. खोडून टाका.

पहिलं काम: पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगळं करा. बंगाली मित्र सीमा ओलांडल्याचं डोळ्यांपुढे उभं करून सांगेल, पण तो तेव्हा जन्मलेला नव्हता, कदाचित त्याचे वडीलही नव्हते. वहीच्या समासात प्रत्येक परिच्छेदापुढे खूण करा: स्वतः पाहिलं, आईवडिलांकडून ऐकलं, गावात सगळेच सांगतात. तिसऱ्या प्रकारचं खोटं म्हणून फेकू नका. वसाहतीतली सगळी घरं एकच प्रसंग एकाच शब्दांत सांगत असतील तर तो त्या वसाहतीने जपलेला प्रसंग आहे, आणि एवढ्या सगळ्यातून तोच का जपला हा विश्लेषणाचा प्रश्न आहे.

दुसरं: काळ बांधा. माणसं सन सांगत नाहीत, घटना सांगतात. ‘थोरली पाळण्यात होती’ म्हटलं की थोरलीचं आजचं वय विचारा. ‘बहात्तरचा दुष्काळ’ म्हणजे १९७२. मारवाडी घरात ‘छप्पनिया अकाल’ ऐकाल तर तो विक्रम संवत १९५६, म्हणजे इसवी सन १८९९-१९००. संवतातून ५७ वजा करायचे. वर्धा नदीच्या पुरात नागपूर जिल्ह्यातलं मोवाड गेलं ते ३० जुलै १९९१ ला. नोटाबंदी २०१६, लॉकडाऊन २०२०. त्या वर्षी मिरचीला गेलेली बरीच माणसं तेलंगणातच अडकली होती, त्याबद्दल जरूर विचारा.

सगळे टप्पे एका आडव्या रेघेवर मांडा आणि मग रेघेतली भोकं पाहा. तिबेटी मित्र म्हणेल, दलाई लामांसोबत १९५९ च्या सुमाराला आमची माणसं निघाली. वसाहत १९७२ ची. मधली तेरा वर्षं कुठे गेली? त्या काळात अनेक तिबेटी कुटुंबं हिमालयातल्या रस्त्यांच्या बांधकामावर राबली. मित्राच्या घराचं काय झालं ते विचारायला दुसरी भेट लागेल, आणि ती भेट पहिलीपेक्षा चांगली होईल, कारण आता तुमच्याकडे नेमका प्रश्न आहे.

तिसरं, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचं: जागा कोणी निवडली? पुस्तकात ढकलणारी आणि ओढणारी कारणं असे दोन रकाने असतात. ते भरा, पण तिथे थांबू नका. एक नमुना घेऊ. तो इथे समजावण्यासाठी रचलेला आहे, वाट मात्र अनेक घरांची खरी आहे. मैत्रिणीचे आजोबा खुलनाकडचे शेतकरी. १९६४ च्या जानेवारीत तिकडे दंगली झाल्या, ते सीमा ओलांडून कोलकात्याला आले, सियालदा स्टेशनवर राहिले, तिथून रायपूरजवळच्या माना या निर्वासितांच्या कॅम्पात, आणि काही वर्षांनी ट्रकमध्ये बसवून चांदा (आजच्या चंद्रपूर-गडचिरोली) भागातल्या जंगलात. ढकलणारं कारण: दंगल. ओढणारं कारण? विद्यार्थी इथे ‘सुपीक जमीन, रोजगार’ असं पुस्तकातून उतरवतात. आजोबांनी तर चांदा हे नाव कॅम्पात यायच्या आधी ऐकलेलंही नव्हतं. त्यांना कोणी ओढलं नाही, सरकारी यादीने पाठवलं. नदीकाठच्या भातशेतकऱ्याला सागवानाच्या जंगलात जमीन मिळाली, आणि पुढची वीस वर्षं त्याने ती भातासाठी कशी केली, पाणी कुठून आणलं, आधीपासून तिथे राहणाऱ्या माडिया-गोंड शेजाऱ्यांशी कसं जमलं किंवा जमलं नाही, हा प्रकल्पाचा गाभा. शेजाऱ्यांची बाजूही ऐका. त्यांच्या दृष्टीने ते जंगल रिकामं नव्हतं.

हाच प्रश्न बाकीच्यांना लावून पाहा. मिरचीवाल्या घराची जागा ठेकेदार निवडतो, आणि त्याच्यापर्यंत मावशीची लेक पोचवते. मारवाडी घराची जागा आधी आलेला काका किंवा मामा निवडतो; एकाच्या दुकानात नोकरी करत दुसरा शिकतो आणि शेजारच्या बाजारात स्वतःचं टाकतो. कोळशाच्या घराची जागा खाणीने निवडली. गोसीखुर्दच्या घराची जागा पुनर्वसनाच्या नकाशाने. लग्न होऊन आलेल्या आईची जागा तिच्या वडिलांनी आणि मध्यस्थाने. किती जणांनी ती स्वतः निवडली ते मोजा, आणि ‘स्वेच्छेचे’ व ‘सक्तीचे’ हे पुस्तकातले दोन डबे किती अपुरे आहेत ते तुमच्या शब्दांत लिहा.

चौथं: जनगणनेच्या रकान्यात बसवून पाहा. २०११ च्या जनगणनेत स्थलांतराची कारणं अशी होती: काम, व्यवसाय, शिक्षण, विवाह, जन्मानंतर हलले, कुटुंबासोबत हलले, इतर. दंगलीत निघालेल्या आजोबांना ‘इतर’मध्ये टाकावं लागतं, त्यांच्या बायकोला ‘कुटुंबासोबत’. धरणवाले पुन्हा ‘इतर’. आणि मिरचीला जाऊन परत येणारी मैत्रीण कुठल्याच रकान्यात धड बसत नाही, कारण हंगामी ये-जा या मोजणीत निसटते. रकाना चुकीचा आहे असं लिहून टाळ्या घेऊ नका. देशभर मोजायचं तर रकाने लागतातच. तुमच्या गोष्टीतलं नेमकं काय त्यात मावलं नाही, तेवढं एका परिच्छेदात लिहा.

पाचवं, थोडक्यात. ई. जी. रॅव्हनस्टीन यांनी १८८५ साली स्थलांतराचे काही नियम मांडले: बहुतेक माणसं जवळच जातात, टप्प्याटप्प्याने जातात, आणि प्रत्येक प्रवाहाला उलटा प्रवाह असतो. पुढे १९६६ मध्ये एव्हरेट ली यांनी मधल्या अडथळ्यांवर बोट ठेवलं. हे नियम तुमच्या गोष्टीवर घासून पाहा. टप्पे सापडतात का? उलटा प्रवाह आहे का? मध्य भारतातल्या जंगलपट्ट्यात, दंडकारण्यात, सरकारने वसवलेल्या वसाहतींतून १९७८ मध्ये हजारो बंगाली निर्वासित पुन्हा बंगालकडे, सुंदरबनातल्या मरीचझांपीला गेले आणि १९७९ मध्ये तिथून हुसकावले गेले. मैत्रिणीच्या घरात त्या सुमाराला परत जाण्याची चर्चा झाली होती का? हे विचारताना आवाज खालचा ठेवा, जखम जुनी असली तरी आहे.

सहावं: सीमा ओलांडल्यावर कागदावर काय बदललं? बंजारा समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींत येतो, तेलंगणात लंबाडा म्हणून अनुसूचित जमातीत, कर्नाटकात अनुसूचित जातीत. नमःशूद्र पश्चिम बंगालमध्ये अनुसूचित जातीत आहेत, महाराष्ट्राच्या यादीत नाहीत. माणूस तोच, नातीगोती तीच, शिष्यवृत्तीचा अर्ज मात्र वेगळा. वर्गमित्र या विषयावर आपणहून बोलला तरच लिहा.

लिहिताना

नाव बदला, पण नुसतं नाव बदलून भागत नाही. ‘अमुक गावातलं एकमेव तिबेटी कुटुंब’ लिहिलं की नाव न सांगताही ओळख पटते. तालुक्यापर्यंतच थांबा. ‘बिचारे’, ‘दुर्दैवी’, ‘मायभूमीला मुकलेले’ हे शब्द त्यांनी वापरले असतील तर अवतरणात, तुमच्या तोंडी नकोत. त्यांचं एखादं लांब वाक्य जसंच्या तसं द्या आणि त्याखाली तुम्ही त्यातून काय काढलं ते लिहा. वाचणाऱ्याला दोन्ही दिसले पाहिजेत. जिथे त्यांचं आणि तुमच्या पुस्तकाचं जमत नाही, तिथे ‘जमत नाही’ असंच लिहा. परीक्षक त्याचे गुण कापत नाहीत, आणि कापलेच तर परत मागायला लाजू नका.

वही सरांना किंवा मॅडमना देण्याआधी ती मित्राच्या घरी वाचून दाखवा, सगळी, आजी झोपली नसेल अशा वेळी. ते जे वगळा म्हणतील ते कारण न विचारता वगळा. एक झेरॉक्स त्यांना द्या. रेकॉर्डिंग ग्रुपवर टाकू नका, स्टेटसला तर नाहीच. फाइल त्यांच्या मोबाइलवर पाठवा आणि प्रकल्पाचे गुण लागले की त्यांना विचारून तुमच्याकडची पुसा. काही घरं म्हणतील, राहू दे, आमच्या आजीचा आवाज आहे तो. मग पेनड्राइव्हवर नीट नाव घालून ठेवा: सन, गाव, कोणाची आजी.

आणि पुढच्या आठवड्यात उलटं करा. आता मित्र विचारेल, तुम्ही सांगायचं. तुमच्या घरात ‘आम्ही इथलेच’ हे उत्तर तयार असेल, तर पणजीचं माहेर कुठलं आणि ती लग्नानंतर पहिल्यांदा या गावात कशात बसून आली, हे त्याच्या येण्याआधी घरात विचारून ठेवा.